एका सेकंदात अख्खं नेटफ्लिक्स? त्या बातमीमागची परिषद आणि काचेची तार

जुलै २०२५मध्ये एक बातमी सगळीकडे फिरली. जपानी संशोधकांनी सेकंदाला १.०२ पेटाबिट (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट) माहिती पाठवली, हा वेग भारतातल्या सरासरी इंटरनेटच्या एक कोटी साठ लाख पट आहे, अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात डाउनलोड होईल, वगैरे. यातलं पहिलं विधान खरं आहे. दुसरं अंकगणित म्हणून बरोबर आहे, पण तुलना म्हणून फसवं. तिसऱ्याचं काय करायचं ते ज्याच्याकडे तेवढी माहिती उतरवून घेणारा फोन असेल त्याने ठरवावं.

तुलना फसवी का? तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी आणि तुमच्या स्वयंपाकघरातला नळ यांची धार मोजून ‘मुंबईकर किती मागे आहेत’ असं कुणी म्हटलं तर आपण हसू. इथे तेच झालं. जपानचा आकडा होता शहराशहरांना जोडणाऱ्या मुख्य वाहिनीचा, आणि भारताचा होता घरातल्या नळाचा. जपानमधल्या घरांतही पेटाबिट येत नाही.

शिवाय बातमी शिळी होती. हा निकाल ३ एप्रिल २०२५ रोजी, गुरुवारी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेच्या शेवटच्या दिवशी जाहीर झाला होता. दरवर्षी असे विक्रम तिथे सांगितले जातात आणि दोनचार महिन्यांनी त्यांचे चमचमीत तुकडे आपल्यापर्यंत पोचतात. ती परिषद काय आहे आणि तिथल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे एकदा समजून घेतलं की पुढच्या वर्षीची बातमी स्वतःच तपासता येते.

## रस्त्याकडेचा दगड आणि परिषदेचं नाव

महामार्गाच्या कडेला छोटे खांब किंवा दगड दिसतात, त्यावर ‘ओएफसी’ लिहिलेलं असतं. इथे खणू नका, खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे, असा त्याचा अर्थ. जेसीबीवाले तो नेहमी वाचतातच असं नाही, ते सोडा. योगायोगाने त्या परिषदेचं नावही ओएफसी: ऑप्टिकल फायबर कम्युनिकेशन कॉन्फरन्स. १९७५मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, विल्यम्सबर्ग गावी पहिली बैठक झाली. आज ती ऑप्टिका ही प्रकाशविज्ञानाची संस्था आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या दोन शाखा मिळून भरवतात. वसंत ऋतूत, आणि बहुतेक वेळा कॅलिफोर्नियात. २०२५च्या परिषदेला सोळा हजारांहून अधिक लोक आणि सहाशेहून अधिक कंपन्या होत्या. युरोपात हिचीच बहीण म्हणावी अशी ‘इकॉक’ साधारण सप्टेंबरात भरते. तीही १९७५ सालचीच.

ओएफसीत दोन गोष्टी एकाच छताखाली चालतात. वरच्या खोल्यांत शोधनिबंध, खालच्या दालनात प्रदर्शन. वर दहा वर्षांनी येणारं तंत्र, खाली पुढच्या तिमाहीत विकायचा माल. ही सरमिसळ मुद्दाम केलेली आहे, आणि परिषदेचं बळही तिच्यातच आहे.

## काचेतून प्रकाश किती लांब जातो?

आधी तार कशी असते ते पाहू. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखा काचेचा तंतू, बाहेरून ०.१२५ मिलिमीटर जाड. त्याच्या मधोमध सुमारे नऊ मायक्रॉनचा गाभा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाभ्याची काच भोवतालच्या काचेपेक्षा किंचित वेगळी केलेली असते, त्यामुळे प्रकाश बाहेर न निसटता आतल्या आत पुढे सरकत राहतो. लेझर एका टोकाला लुकलुकतो, दुसऱ्या टोकाला एक संवेदक ती लुकलुक वाचतो.

अडचण अशी की काच प्रकाश खाते. हा क्षय मोजायला डेसिबल वापरतात. दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे: ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून २० डेसिबल म्हणजे शंभरातला एकच हिस्सा उरला.

१९६६मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. आणि किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत क्षय उतरवता आला तर दूरसंचारासाठी काच वापरता येईल. म्हणजे एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी चालेल. तेव्हाच्या काचेत हे शक्य वाटत नव्हतं. १९७०मध्ये कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबल गाठले. काओ यांना २००९मध्ये नोबेल मिळालं.

आज रस्त्याखाली पुरलेल्या साध्या फायबरचा क्षय किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असतो. गणित करून पाहा: २० डेसिबल खर्च व्हायला आता शंभर किलोमीटर लागतात. काओंना जो एक टक्का एका किलोमीटरवर हवा होता तो आज शंभराव्या किलोमीटरवर मिळतो. ही काच आपल्या शेजारीही बनते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. आधी अतिशुद्ध काचेचा जाडजूड दांडा तयार करायचा, मग त्याचं टोक सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसच्या भट्टीत मऊ करून खालून तंतू ओढायचा. पाकाची तार काढतात तसं, फक्त तारेच्या जाडीत मायक्रॉनभराचीही चूक चालत नाही.

शंभर किलोमीटरनंतर काय? पूर्वी प्रकाशाची वीज करून, ती स्वच्छ करून, पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला फायबर दाखवला. त्यात बाहेरून दुसऱ्या लेझरची ऊर्जा भरली की आतून जाणारा दुबळा प्रकाश प्रकाशरूपातच शंभर-हजार पट वाढतो. तेही त्या वर्षीच्या ओएफसीत, रीनो शहरात, मांडलं गेलं. या वर्धकामुळे एका तंतूतून अनेक रंग एकदम पाठवणं परवडू लागलं.

## एका तंतूत एवढं मावतं कसं?

तीन मार्ग आहेत, आणि विक्रमाच्या प्रत्येक बातमीत या तिघांचीच वेगवेगळी मिसळ असते.

पहिला मार्ग रंगांचा. एकाच तंतूत थोड्या थोड्या वेगळ्या तरंगलांबीचे लेझर सोडायचे आणि पलीकडे लोलकासारख्या यंत्रणेने वेगळे करायचे. डोळ्यांना हे रंग दिसत नाहीत, सगळे अवरक्त असतात. ज्या पट्ट्यात काच सगळ्यात कमी प्रकाश खाते आणि अर्बियमचा वर्धकही चालतो, त्याला सी-बँड म्हणतात. त्याच्या शेजारचा एल-बँड.

दुसरा मार्ग प्रत्येक लुकलुकीत जास्त मजकूर भरण्याचा. दिवा चालू किंवा बंद एवढंच सांगितलं तर एका लुकलुकीत एक बिट जातो. मंद, जरा उजळ, उजळ, लख्ख अशा चार पायऱ्या ठेवल्या तर दोन बिट. लांब पल्ल्यावर उजेडाच्या जोडीला लहरीची कला (लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते) आणि कंपनाची दिशाही वापरतात. फुकट मात्र काही मिळत नाही. पायऱ्या जवळ आल्या की घोटाळा वाढतो. त्यावर उपाय म्हणजे त्रुटिसुधारणा: मूळ माहितीबरोबर थोडी हिशेबी पुनरुक्ती पाठवायची. खराब लाइनवर नाव सांगताना आपण ‘प पतंगातला, भ भटजीतला’ म्हणतो ना, तेच. दोन अक्षरं जास्त बोलावी लागतात पण समोरच्याला नाव बरोबर कळतं. लांब पल्ल्याच्या जोडण्यांत शंभरात एकदोन बिट चुकीचे आले तरी ते सगळे दुरुस्त होतील अशी ही व्यवस्था असते.

तिसरा मार्ग गाभ्यांचा: एकाच काचेच्या तंतूत एकाऐवजी अनेक गाभे.

## आता त्या पेटाबिटची फोड

जपानची राष्ट्रीय दूरसंचार संशोधन संस्था एनआयसीटी आणि सुमितोमो इलेक्ट्रिक यांनी जो तंतू वापरला त्यात १९ गाभे होते, आणि सी व एल मिळून १८० रंग. १.०२ पेटाबिट म्हणजे १० लाख २० हजार गिगाबिट. १९ने भागा: दर गाभ्याला जवळपास ५३,७०० गिगाबिट. पुन्हा १८०ने भागा: दर रंगाला साधारण ३०० गिगाबिट.

इथे जरा थांबायला हवं. एका रंगावर ८०० गिगाबिट नेणारी यंत्रं २०२०पासून बाजारात आहेत, जरा कमी पल्ल्यासाठी. म्हणजे या प्रयोगात प्रत्येक रंगावरचा वेग मुळीच अचाट नव्हता. मग विक्रम कशात होता?

तंतूच्या जाडीत, एक. १९ गाभे असूनही बाहेरची जाडी नेहमीचीच, ०.१२५ मिलिमीटर. अनेक गाभ्यांचे तंतू आधीही होते, पण त्यातले बरेचसे जाड. जाड काच वाकवताना तडकते. शिवाय केबल बनवायची यंत्रं, जोडण्याची उपकरणं, कनेक्टर, सगळं जग ०.१२५च्या मापावर उभं आहे. माप बदललं की सगळंच बदलावं लागतं. रेल्वेचा गेज बदलण्यासारखं.

पण एवढ्या दाटीवाटीत गाभे बसवले की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपतो. इथे संशोधकांनी तो झिरपू दिला, उलट सगळीकडे सारखा मिसळेल असं पाहिलं. पलीकडे १९ गाभ्यांतून, प्रत्येकी दोन कंपनदिशांत, ३८ मिसळलेले संदेश मिळतात. ते सुटे कसे करायचे? दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं आठवा. दोन अज्ञातं, दोन समीकरणं, उत्तर निघतं. तसंच ३८ अज्ञातं, ३८ समीकरणं, आणि ती प्रत्येक रंगासाठी अविरत सोडवत राहायची, कारण मिसळण्याची रीत क्षणाक्षणाला बदलते.

आणि मग पल्ला. १,८०८ किलोमीटर. प्रत्यक्षात एवढा लांब तंतू अंथरला नव्हता. ८६.१ किलोमीटरचं वेटोळं, म्हणजे साधारण मुंबई-लोणावळा एवढं, आणि त्यात प्रकाश २१ वेळा फिरवला. प्रत्येक फेरीला वर्धकाने पुन्हा उजळवला. या अख्ख्या प्रवासाला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. यात लबाडी नाही, या क्षेत्रात ही मान्य पद्धत आहे. पण प्रत्यक्ष केबलमध्ये २१ वेगळे तुकडे, २१ वेगळे वर्धक, शेकडो जोड आणि वेगवेगळं हवामान असतं. वेटोळ्यात ते नसतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘नवा विक्रम’ वाचताना आकड्याआधी पल्ला शोधा. त्याच संस्थेने २०२४च्या ओएफसीत साध्या, एका गाभ्याच्या तंतूतून ४०२ टेराबिट पाठवून दाखवले होते (टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट). एका गाभ्यात ४०२ टेराबिट, हे वर काढलेल्या दर गाभ्यामागच्या ५४ टेराबिटपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पण पल्ला होता ५० किलोमीटर. मग तंतू कोणता ते पाहा: आज जमिनीत पुरलेलाच, की नवा अंथरावा लागणारा? त्रुटिसुधारणेची पुनरुक्ती वजा केली आहे का? आणि मिळालेले संदेश त्याच क्षणी वाचले की साठवून ठेवून नंतर संगणकावर सोडवले? अशा प्रयोगांत बहुतेकदा दुसरं घडतं. ३८ समीकरणं तात्काळ सोडवणारी चिप बनवणं हे वेगळंच काम आहे, आणि बातमीत ते सहसा येत नाही.

## शेवटच्या दिवशीच विक्रम का?

ओएफसीसाठी निबंध पाठवायची मुदत आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास संपते. तीन पानं, बस्स. पण मधल्या चारपाच महिन्यांत एखाद्या गटाच्या हाती मोठं काही लागलं तर? त्यासाठी ‘पोस्ट-डेडलाइन’ नावाची वेगळी खिडकी आहे. परिषदेच्या काही आठवडे आधी निबंध घेतात, कडक चाळणी लावतात, आणि निवडक निबंध गुरुवारी संध्याकाळी लागोपाठ सादर होतात. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा जानेवारी-फेब्रुवारीत रात्री जागवतात. १९९६मध्ये अशाच सत्रात फुजित्सू, एनटीटी आणि एटी अँड टी अशा तीन वेगळ्या गटांनी एकदमच सेकंदाला एक टेराबिटचा उंबरा ओलांडल्याचं सांगितलं होतं. कुणाला कुणाची खबर नव्हती म्हणतात, पण स्पर्धा सगळ्यांनाच ठाऊक होती.

कार्यक्रमपत्रिकेची लिपी एकदा कळली की निबंध शोधणं सोपं जातं. ‘टीएच-४-ए-१’ असा क्रमांक दिसला तर: गुरुवार, दिवसातलं चौथं सत्र, एकाच वेळी चालणाऱ्या सभागृहांपैकी ‘ए’, त्यातला पहिला निबंध. गुरुवारचं चौथं सत्र बहुधा पोस्ट-डेडलाइनचंच असतं.

## खाली प्रदर्शनात मात्र चर्चा वेगाची नसते

वर पेटाबिट चालू असताना खालच्या दालनात लोक वॅट मोजत असतात. माझ्या मते परिषदेचा खरा मुद्दा तिथे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरमध्ये हजारो प्रोसेसर एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यांच्यामधल्या स्विचच्या, म्हणजे माहिती इकडून तिकडे वळवणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी बोटाएवढे डबे खोचलेले असतात, एका बाजूला वीज, दुसऱ्या बाजूला प्रकाश. यांना प्लगेबल मोड्यूल म्हणतात. सेकंदाला ८०० गिगाबिटचं एक मोड्यूल सुमारे १५ वॅट खातं. ५१.२ टेराबिटच्या स्विचला असे ६४ लागतात. ६४ गुणिले १५ म्हणजे ९६० वॅट: एक इस्त्री दिवसरात्र तापत ठेवल्यासारखं, आणि तेही फक्त वीज-प्रकाश रूपांतरापायी. स्विचच्या चिपचा खर्च वेगळा. पुढची पिढी १.६ टेराबिटची, तिथे एकेक मोड्यूल २५-३० वॅटवर जातं, म्हणजे दोन इस्त्र्या. अशा स्विचांच्या रांगाच्या रांगा असतात. वीज भरा, आणि मग ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज भरा.

तांब्याची तार का नाही वापरत? वापरतात, जिथे जमेल तिथे. तांबं स्वस्त आहे, त्याला लेझर लागत नाही, ते बिघडत नाही. पण एका जोडीवर २०० गिगाबिट पाठवायचे तर एकदोन मीटरनंतर संदेश विरून जातो. एका कपाटाच्या आत तांबं, कपाटाबाहेर काच, अशी आजची सीमा आहे आणि ती दरवर्षी आत सरकते आहे.

या उष्णतेवर दालनात दोन उतारे मांडलेले दिसतात. मोड्यूलमधली जवळपास निम्मी वीज संदेश स्वच्छ करणाऱ्या चिपवर जाते, तर ती चिपच काढून टाका आणि स्वच्छतेचं काम स्विचवर सोपवा, हा एक. २०२३च्या ओएफसीपासून त्याचा बराच बोलबाला झाला. दुसरा उतारा मुळावर घाव घालणारा. स्विचच्या चिपपासून मोड्यूलपर्यंत बोर्डावरचं वितभर तांबं हेच गळतीचं कारण, तर प्रकाशाचा भाग उचलून चिपच्या शेजारीच बसवा. एनव्हिडियाने मार्च २०२५मध्ये असे स्विच जाहीर केले, ओएफसीच्या जेमतेम दोन आठवडे आधी.

यावरचा आक्षेप कुठलाही दुरुस्तीवाला घेईल. आज मोड्यूल गेलं तर उपटा, नवं खोचा, एका मिनिटाचं काम. प्रकाशाचा भाग चिपला चिकटवला आणि तो बिघडला तर अख्खा स्विच टाकायचा? म्हणून तडजोड अशी: सगळ्यात जास्त बिघडतो तो लेझर, आणि त्याला उष्णताही सोसत नाही, तो चिपपासून दूर, पुढच्या बाजूला, बदलता येईल अशा डब्यात ठेवायचा आणि त्याचा प्रकाश फायबरने आत आणायचा. बाकीचा भाग आत पक्का. हे वर्षानुवर्षं टिकतं का, याचं उत्तर प्रत्यक्ष डेटा सेंटरमधूनच येईल.

## सगळं ऑनलाइन असताना तिथे जायचं कशाला?

२०२१ची ओएफसी पूर्ण ऑनलाइन झाली होती. निबंध ऐकता आले. जे होऊ शकलं नाही ते म्हणजे एका कंपनीचं मोड्यूल दुसऱ्या कंपनीच्या स्विचमध्ये खोचून पाहणं. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. उपकरणांच्या जोडणीचे करार ठरवणाऱ्या ओआयएफ या उद्योगसंघटनेच्या दालनात दरवर्षी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आपापला माल एकाच साखळीत जोडून दाखवतात. ४०० गिगाबिट शंभरेक किलोमीटरवर नेणाऱ्या मोड्यूलचा ‘४००झेडआर’ हा करार या संघटनेने २०२०मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी दोन टोकांना एकाच कंपनीची पेटी लागायची. आता डेटा सेंटरवाले तीन पुरवठादारांकडून भाव मागवू शकतात. कागदावरचा करार आणि जोडल्यावर लागणारा हिरवा दिवा यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर टेबलाशी उभं राहूनच मिटतं.

## उपग्रह आहेत की, मग काच कशाला?

स्टारलिंकच्या आजच्या उपग्रहांपैकी एकेकाची क्षमता शंभरेक गिगाबिटच्या आसपास आहे, आणि ती खालच्या विस्तीर्ण भागातल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. अटलांटिकखालची मारेआ केबल, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचपासून स्पेनमधल्या बिल्बाओपर्यंत सुमारे ६,६०० किलोमीटर, २०१७मध्ये टाकून झाली ती १६० टेराबिटच्या आराखड्याने. तंतूंच्या फक्त आठ जोड्यांवर. दुर्गम वाडीवर, जहाजावर, पुरात टॉवर पडल्यावर उपग्रहाला पर्याय नाही. मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या समुद्री केबलांचं काम मात्र त्याला जमणार नाही. आणि गंमत म्हणजे उपग्रह एकमेकांशी लेझरनेच बोलतात; ते तंत्रही याच परिषदेत चर्चिलं जातं.

एका बाबतीत काच खरोखर मागे आहे. काचेत प्रकाश निर्वातापेक्षा सुमारे एक तृतीयांश मंद चालतो, किलोमीटरला साधारण पाच मायक्रोसेकंद. यावरचा तोडगा म्हणजे पोकळ गाभ्याचा तंतू: मधे हवा, भोवती काचेच्या अतिपातळ नळ्या. वर्षानुवर्षं याचा क्षय फार जास्त होता. २०२४च्या ओएफसीत साउदॅम्प्टनकरांनी तो किलोमीटरला ०.११ डेसिबलच्या खाली आणून दाखवला, म्हणजे साध्या काचेपेक्षा कमी. या तंतूवर काम करणारी तिथलीच ल्युमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये विकत घेतली आहे. जोडताना नळ्या वितळून मिटू नयेत आणि उघड्या टोकातून दमट हवा आत शिरू नये, हे साईटवरच्या माणसाला सांभाळावं लागतं, म्हणून तो अजून सगळीकडे दिसत नाही.

## माझ्या घरच्या इंटरनेटच्या डब्याला याचा काय उपयोग?

तुमच्या घरी येणारा तंतू मुख्य वाहिनीपेक्षा अगदी वेगळ्या पद्धतीने चालतो. एक्स्चेंजमधून निघालेला एकच प्रकाश वाटेत काचेच्या वाटणीयंत्रातून, म्हणजे स्प्लिटरमधून, ३२ किंवा ६४ घरांत विभागतात. प्रचलित जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून सुमारे अडीच गिगाबिट खाली आणि सव्वा गिगाबिट वर. नवी पद्धत दोन्हीकडे १० गिगाबिटची. घरातला वेग वाढतो तो या वाटणीच्या दोन टोकांची यंत्रं बदलून. रस्त्याखालची काच तीच राहते.

वर शिकलेला डेसिबल इथे उपयोगी पडतो. एक मिलिवॅट प्रकाश म्हणजे शून्य, असं धरून तंत्रज्ञ हिशेब करतो. एक्स्चेंजमधून निघताना +४. बत्तीस घरांच्या वाटणीत पाच वेळा निम्मं, म्हणजे १५, आणि यंत्राची स्वतःची गळती धरून १७ वजा. पाच किलोमीटर काचेचे सव्वा. जोड आणि कनेक्टरचे दोन. उरले उणे सोळा, म्हणजे मिलिवॅटचा चाळिसावा भाग. मीटरवर उणे १६ ते २२ दिसलं तर तंत्रज्ञ समाधानाने चहा घेतो. उणे २५ झालं की लाइन पावसाळ्यात दगा देणार हे नक्की, आणि उणे २७च्या खाली बऱ्याच डब्यांवर लाल दिवा लागतो.

लाल दिव्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. कपाटामागे दाबून मुडपलेली तार: साधी तार तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवली तर गाभ्यातून प्रकाश निसटू लागतो, मग ती तुटलेली नसली तरीही. निळ्या टोकाचा कनेक्टर हिरव्यात घातलेला: हिरव्याचं तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे मधे फट राहते आणि काही डेसिबल तिथेच जातात. आणि धूळ. गाभा नऊ मायक्रॉनचा, हवेतला एखादा कण तेवढाच किंवा मोठा. तो नेमका मधे बसला की दिवसा घरात अंधार व्हावा तसं होतं. टोक काढून फुंकर मारण्याची सवय सगळ्यांना असते, आणि फुंकरेतली वाफ व थुंकी काचेवर सुकून डाग पडतो. कोरड्या सफाईच्या पेनने एकदा दाबून पुसायचं, भिंगाने पाहायचं, डाग असेल तर पुन्हा पुसायचं, मगच खोचायचं. काढलेल्या टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का ते बघू नये. तो अवरक्त आहे, दिसणार तर नाहीच.